शेवटचा टॉवर : भरवसा आणि किफायत या दोन शब्दांची चिकित्सा

(उमरगा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "मोबाइलच्या टॉवरवर बोलतो." ते जरा गोंधळले. तत्त्वज्ञानाचा म्हातारा प्राध्यापक टॉवरवर काय बोलणार? त्यांना वाटलं, पोरं बिघडली, वाचन संपलं, घरातला संवाद तुटला, असं काहीतरी असेल. ते व्याख्यान तुम्ही पुष्कळदा ऐकलंय आणि ऐकून झाल्यावर बाहेर पडताना सगळ्यांनी आधी मोबाइलच बघितलाय. ते मला करायचं नाही. मला टॉवरच्या मागं बोलायचंय. अक्षरशः मागं. टॉवरपासून मागं जी वायर जाते, तिच्याबद्दल.

इंजिनियरिंगच्या पुस्तकांत हा प्रश्न एका ओळीत मांडतात : मोबाइल सेवेचे टॉवर मुख्य केंद्राला जोडणारं जाळं भरवशाचं आणि किफायतशीर कसं आखावं? वाक्य निर्दोष वाटतं. भरवसा कुणाला नको? किफायत कुणाला नको? पण आमच्या विषयाची एक वाईट सवय आहे. वाक्य निर्दोष वाटलं की आम्ही थांबतो आणि विचारतो : भरवसा कुणाचा? किफायत कुणाची? आज एवढंच करायचंय.

आधी एक घटना सांगतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलेली आहे. गाव आपल्याच तालुक्यातलं, नाव सांगत नाही. पावसाळ्यातली रात्र. त्याच्या चुलत्यांना शेतातल्या गोठ्याजवळ साप चावला. घरात चार मोबाइल. १०८ लावायला घेतला तर एकालाही रेंज नाही. दुपारपासून टॉवर बंद होता. पुढं कुठंतरी रस्त्याचं काम चाललं होतं आणि खोदताना केबल तुटली होती. शेवटी मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये चुलत्यांना बसवलं, धोतरानं बांधलं आणि तसंच पावसात उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं. चुलते वाचले. पोरगा मला म्हणाला, "सर, नशीब." मी म्हटलं, नशीब आहे हे खरं. पण नशिबानं माणूस वाचला म्हणून जाळं भरवशाचं ठरत नाही. मग मी हा विषय वाचायला लागलो. सत्तरी ओलांडल्यावर गणिताची पुस्तकं उघडली, तेवढा उपकार त्या सापानं माझ्यावर केला.

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, फळ्यावर काढून दाखवण्याइतकंच आहे.

आपण मोबाइलला बिनतारी म्हणतो. बिनतारी तो फार थोडा असतो. तुमच्या हातातल्या फोनपासून जवळच्या टॉवरपर्यंत, म्हणजे फार तर काही किलोमीटर. टॉवरवर पोचलेला आवाज तिथून पुढं जमिनीतल्या फायबरनं जातो, नाहीतर टॉवरवरच्या गोल तबकडीतून मायक्रोवेव्हनं दुसऱ्या टॉवरकडं फेकला जातो. असं करत करत तो मोठ्या केंद्रात पोचतो आणि तिथून जगात. टॉवर ते केंद्र हा जो मागचा रस्ता, त्याला इंजिनियर बॅकहॉल म्हणतात. तो तुटला की टॉवर उभा दिसतो, त्यावरचा लाल दिवा लागलेला असतो, बॅटरी भरलेली असते आणि तरीही तो मुका असतो. गावकरी टॉवरकडं बघून शिव्या देतात. बिचाऱ्या टॉवरचा दोष नसतो.

हे टॉवर एकमेकांना कसे जोडायचे? इथं एक सुंदर गोष्ट आहे. १९२६ साली ओटाकार बोरूव्का नावाच्या चेक गणितज्ञानं नेमका हा प्रश्न सोडवला. मोबाइलसाठी नव्हे, मोराविया प्रांतातल्या विजेच्या जाळ्यासाठी. अनेक गावं आहेत, कुठल्याही दोन गावांमधलं अंतर माहीत आहे, तर कमीत कमी तार वापरून सगळी गावं कशी जोडायची? त्यांनी पद्धत दिली. उत्तराचा आकार नेहमी झाडासारखा येतो. खोड, फांद्या, डहाळ्या. कुठंही वेढा नाही, कारण वेढा झाला तर त्यातली एक तार काढून टाकता येते, गावं जोडलेलीच राहतात आणि पैसे वाचतात. म्हणजे किफायतीचं गणित वेढ्याला उधळपट्टी समजतं. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळा वाद याच वाक्यावर आहे.

झाडाचा गुण स्वस्ताई. झाडाचा दोष काय? फांदी तोडली की तिच्यावरची सगळी पानं गेली. आपला हायवे बघा. नळदुर्गकडून येताना येणेगूर, दाळिंब, मग उमरगा, पुढं तुरोरी आणि मग कर्नाटकची हद्द. रस्त्याच्या कडेनं केबल नेणं सगळ्यात सोपं, म्हणून केबल रस्त्यानं जाते. आणि रस्ता रुंद होताना जेसीबीही त्याच कडेनं चालतो. हा कुणा एकाचा निष्काळजीपणा म्हणून सोडून देऊ नका. हा आराखड्याचाच परिणाम आहे. एका रेषेवर सगळं टांगलं की रेषेला धक्का लागणारच.

आता आकडे. उदाहरण कल्पनेतलं आहे, गणित खरं आहे. समजा एका केंद्रापासून सात टॉवर एकापुढं एक रांगेत जोडलेत. प्रत्येक दुवा शंभरातले नव्व्याण्णव टक्के वेळ चालू असतो. नव्व्याण्णव टक्के! आमच्या काळात एवढे मार्क मिळाले तर हत्तीवरून साखर वाटली असती. वर्षाचे तास ८,७६०. एक टक्का बंद म्हणजे सुमारे ८८ तास. पहिल्या टॉवरच्या वाट्याला हे ८८ तास येतात. चौथ्या टॉवरला जिवंत राहायला चारही दुवे एकाच वेळी चालू लागतात, तो वर्षात ३४५ तास बंद, म्हणजे १४ दिवस. सातवा टॉवर ५९५ तास बंद, जवळपास २५ दिवस. दुवे सगळे सारखेच चांगले. सामान सारखं, इंजिनियर सारखे, कंपनी एक. तरी पहिल्या गावाला साडेतीन दिवस आणि शेवटच्या गावाला २५ दिवस. हा फरक कुणी ठरवून केलेला नाही, तो नुसत्या आकारातून आला.

आता याच रांगेत एक दुवा वाढवा. सातव्या टॉवरपासून परत केंद्राकडं. रांगेचं रिंगण झालं. सात दुव्यांचे आठ झाले. आता प्रत्येक टॉवरला दोन वाटा आहेत, डावीकडून आणि उजवीकडून. दोन्ही एकाच वेळी तुटल्या तरच तो मुका होतो. हिशेब केला तर सातवा टॉवर वर्षात सुमारे ६ तास बंद. पहिलाही ६ तास. मधला, म्हणजे चौथा, साडेतेरा तास. २५ दिवसांचे ६ तास झाले! आणि याहून महत्त्वाची गोष्ट बघा. पहिला आणि सातवा सारखे झाले. रिंगणात शेवटचा कोणी नसतो. वारीतलं रिंगण ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको.

तुम्ही म्हणाल, मग एका दुव्यासाठी एवढा कंजूसपणा का? इंजिनियरची बाजू नीट मांडली पाहिजे, नाहीतर माझी टीका पोकळ होईल. एक, तो शेवटचा दुवा लांब असू शकतो. सातवं गाव केंद्रापासून दूर म्हणूनच सातवं आहे. दोन, रिंगण तुटल्यावर सगळा भार एका बाजूनं वाहायचा असतो, म्हणजे प्रत्येक दुव्याची क्षमता आधीपासून मोठी ठेवावी लागते. तीन, सगळ्या गावांतून जाणारं सगळ्यात स्वस्त रिंगण शोधणं हे गणितातलं कुप्रसिद्ध अवघड कोडं आहे, फिरत्या विक्रेत्याचं कोडं. बोरूव्काचं झाड झटकन सापडतं, उत्तम रिंगण सापडत नाही. हे सगळं मान्य. पण त्याच गणितात एक दिलासाही आहे. झाडाच्या कडेकडेनं चालत गेलात, प्रत्येक फांदीवर जाऊन परत आलात, तर सगळी गावं होऊन तुम्ही मूळ जागी येता आणि चाललेलं अंतर झाडाच्या बरोबर दुप्पट भरतं. मध्ये आडवाटा घेतल्या तर त्याहून कमी. म्हणजे उत्तम रिंगणाची लांबी झाडाच्या दुपटीवर कधी जात नाही. कागदावर तरी नाही. तेव्हा 'रिंगण परवडतच नाही' असं कोणी म्हणालं, तर विचारायचं : किती पट? दुपटीच्या आत आहे ना? मग चर्चा पैशाची आहे, अशक्यतेची नाही.

हा वाद पुस्तकी नाही. आपल्या देशानं तो पैसे मोजून शिकलाय. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या, अंदाजे खर्च २०,००० कोटी. त्याचंच पुढं भारतनेट झालं. कल्पना मोठी होती, मी तिचा चाहता आहे. आराखडा मात्र किफायतीचा. तालुक्यापर्यंत सरकारी कंपन्यांचं फायबर आधीच पडलेलं होतं, तेच वापरायचं आणि तिथून ग्रामपंचायतीपर्यंतचा तुकडा तेवढा नवा टाकायचा. म्हणजे झाडाला डहाळ्या जोडायच्या. आता ऑगस्ट २०२३ कडं या. सुधारित भारतनेटला मंजुरी मिळाली, १,३९,५७९ कोटींची. आणि त्यात काय म्हटलंय? ग्रामपंचायती रिंग पद्धतीनं जोडायच्या. बारा वर्षांनी झाडाचं रिंगण झालं. हा पैसा नुसत्या रिंगणाचा नाही, त्यात देखभालीची मोठी तरतूद आहे, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण देखभाल आणि दुसरी वाट या दोन गोष्टी २०११ च्या हिशेबात 'बचत' म्हणून वगळल्या गेल्या होत्या. नंतर त्याच खर्च म्हणून परत आल्या. भारतनेट ग्रामपंचायतींच्या ब्रॉडबँडसाठी आहे, मोबाइलच्या टॉवरसाठीच नाही, हे मला माहीत आहे. पण आकाराचा धडा एकच आहे. आणि ग्रामपंचायतीपर्यंत पक्कं फायबर आलं तर त्याच गावच्या टॉवरलाही ते घेता येतं.

इथं माझी पहिली टीका. किफायत मोजताना आपण खर्चाची फक्त एक बाजू मोजतो, टाकणाऱ्याच्या खिशातली. न टाकलेल्या दुव्याचा खर्च नाहीसा होत नाही, तो गावाच्या खिशात जातो. रेशन दुकानात अंगठ्याचं मशिन चालत नाही म्हणून बाई एक दिवसाची मजुरी बुडवून दुसऱ्यांदा येते. गारपिटीनं पीक झोपतं, विम्यासाठी ७२ तासांत नुकसान कळवायचं असतं आणि त्यातले दोन दिवस टॉवरच बंद असतो. घड्याळ मात्र चालू असतं. या बाईची मजुरी आणि या शेतकऱ्याचे दोन दिवस कुठल्या खतावणीत लिहिले जातात? कुठल्याच नाही. आणि जे लिहिलं जात नाही ते आपण शून्य धरतो. तर्कशास्त्रात ही ढोबळ चूक आहे. न मोजलेलं म्हणजे नसलेलं नव्हे.

दुसरी टीका भरवशाच्या मोजमापावर. २००९ साली दूरसंचार नियामकानं, म्हणजे ट्रायनं, मोबाइल सेवेच्या दर्जाचे नियम केले. त्यात दोन अटी होत्या. सगळ्या टॉवरांचा मिळून बंद राहण्याचा वेळ २ टक्क्यांवर जाता कामा नये. आणि महिन्यात २४ तासांहून जास्त बंद राहिलेले टॉवरही २ टक्क्यांवर जाता कामा नयेत. ऐकायला कडक. आता शंभर टॉवर घ्या. त्यातले ९८ महिनाभर अखंड चालू. दोन टॉवर पहिल्या तारखेपासून तीस तारखेपर्यंत बंद. एकूण बंद वेळ किती? बरोबर २ टक्के. जास्त बंद राहिलेले टॉवर किती? बरोबर २ टक्के. दोन्ही अटींत पास! दोन गावं महिनाभर मुकी आणि अहवालात सगळं ठीक. आणि हा हिशेब गावाचा किंवा तालुक्याचा नसायचा, अख्ख्या परिमंडळाचा असायचा. त्या महाराष्ट्र परिमंडळात मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि वर गोवा. तेवढ्या मोठ्या पातेल्यात आपल्या गावाचं मीठ कुणाला लागणार?

पुढं नियम सुधारले. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे नियम आले. त्यात सेवा मोठ्या प्रमाणावर खंडित झाली आणि २४ तासांहून जास्त टिकली तर ग्राहकाला भरपाईची तरतूद आहे. हे चांगलं पाऊल आहे, आणि त्यासाठी जिल्हा हे एकक आलं, हेही चांगलं. पण जिल्हासुद्धा सरासरीच आहे. धाराशिव जिल्हा म्हणजे परंड्यापासून उमरग्यापर्यंत. फांदीच्या टोकाचं एक गाव बंद पडलं तर जिल्हा बंद पडत नाही. सरासरी हे फार उपयोगी साधन आहे, पण सरासरी कुठल्याच गावात राहत नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या त्यांच्या न्यायविषयक ग्रंथात एक युक्ती सांगितली. समाजाचे नियम ठरवताना असं समजा की त्या समाजात तुमची जागा कोणती हे तुम्हाला माहीत नाही. श्रीमंत की गरीब, धडधाकट की आजारी, काही माहीत नाही. मग तुम्ही जे नियम निवडाल ते न्याय्य. मी म्हणतो, जाळं आखणाऱ्याला हीच अट घाला. तुम्हाला सातातल्या एका गावात राहायचंय, कोणत्या ते माहीत नाही. आता सांगा, रांग निवडाल की रिंगण? रॉल्स वाचायचे नसतील तर गांधीजी आहेतच. अगदी शेवटच्या माणसाचा चेहरा आठवा, असं ते म्हणत. आपल्या विषयात तो चेहरा म्हणजे शेवटचा टॉवर.

आता माझ्याच बाजूवर टीका करतो, कारण रिंगण म्हटलं की लोक निश्चिंत होतात आणि ते धोक्याचं आहे.

न्यायदर्शनात उपाधी नावाची एक संकल्पना आहे. जिथं धूर तिथं अग्नी, हे बरोबर. पण जिथं अग्नी तिथं धूर, हे बरोबर नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं इंधन लागतं. ही जी न सांगितलेली अट, ती उपाधी. अनुमान करणाऱ्यानं ती लपवली की अनुमान कोसळतं. मघाशी मी म्हणालो, दोन वाटा आहेत म्हणून २५ दिवसांचे ६ तास झाले. त्यात उपाधी कोणती? दोन्ही वाटा एकमेकींपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. एकीच्या तुटण्याचा दुसरीशी संबंध नको. गुणाकार तेव्हाच चालतो. आणि प्रत्यक्षात काय होतं? कागदावर रिंगण गोल असतं, जमिनीवर दोन्ही केबली एकाच चरातून जातात, कारण चर एकदाच खणायचा होता. जेसीबीचा एक फटका आणि दोन्ही वाटा गेल्या. ते रिंगण नव्हतंच, चेपलेली रांग होती.

ही चूक आपणही करतो. कितीतरी जण दोन कंपन्यांची दोन सिम ठेवतात. एकाला रेंज नसली तर दुसऱ्याला असेल, असा हिशेब. पण दोन्ही कंपन्यांच्या अँटेना एकाच टॉवरवर असतात, टॉवरची वीज एक, कित्येकदा मागचं फायबरही एक. मग सिम दोन, भरवसा एकच. आपण पैसे मात्र दोन रिचार्जचे भरतो.

म्हणून दुसरी वाट नुसती दुसरी नको, वेगळ्या जातीची हवी. एका बाजूनं फायबर, दुसऱ्या बाजूनं मायक्रोवेव्ह. फायबरचा शत्रू जेसीबी, मायक्रोवेव्हचा शत्रू जोराचा पाऊस. दोघांचे शत्रू वेगळे, म्हणून दोघं एकदम पडण्याची शक्यता कमी. आणि किफायतीच्या दृष्टीनंही हे बरं. तो लांबचा आठवा दुवा, त्यासाठी चर खणायला नको. दोन टॉवर एकमेकांना दिसले की तबकड्या बसवून रिंगण बंद करता येतं. क्षमता फायबरपेक्षा कमी मिळेल. पण अडचणीच्या रात्री सिनेमा बघायचा नसतो, १०८ लावायचा असतो. त्याला फार मोठी वाट लागत नाही.

आणि वीज! दुव्यांबद्दल एवढं बोललो, पण टॉवर स्वतः बंद पडला तर? मायक्रोवेव्हच्या साखळीत मधल्या टॉवरची बॅटरी संपली की त्याच्या पुढचे सगळे गेले, त्यांच्याकडं वीज असली तरी. म्हणजे बॅटरी सगळीकडं सारखी वाटणं हा खोटा समभाव आहे. ज्या टॉवरच्या पाठीवर चार गावं आहेत, त्याची बॅटरी मोठी, त्याचा जनरेटर आधी दुरुस्त. खरी किफायत ही. कमी खर्च करणं वेगळं आणि योग्य जागी खर्च करणं वेगळं.

यातही सगळं साधत नाही. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स या कंपनीचं जाळं देशभर कोसळलं. एक कोटी वीस लाखांहून जास्त ग्राहक, तातडीच्या ९११ क्रमांकावर परिणाम, कार्डानं पैसे देणं बंद. तिथं फांदी तुटली नव्हती, खोडातच बिघाड झाला होता, जाळ्याच्या गाभ्यात. रिंगणं कितीही घाला, सगळी रिंगणं ज्या एका केंद्राला मिळतात ते गेलं की संपलं. म्हणून भरवसा ही विकत आणून ठेवायची वस्तू नाही. ती सतत विचारत राहायची गोष्ट आहे : आता कशावर सगळं टांगलंय?

एक गंभीर आक्षेप उरला. पैसा मर्यादित आहे. रिंगणावर घातला तर ज्या गावांत टॉवरच नाही त्यांना वाट बघावी लागेल. जुलै २०२२ मध्ये केंद्रानं २४,६८० गावांपर्यंत ४जी पोचवायला २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. म्हणजे देशात तेवढी गावं तेव्हा सेवेबाहेर होती. त्यांना आधी कच्चं का होईना द्यायचं, की आपल्याला पक्कं? मला हा आक्षेप मान्य आहे. आधी सगळ्यांपर्यंत पोचा. पण झाड लावतानाच रिंगण मनात ठेवा. चर खणताना एक मोकळा पाइप जास्तीचा टाका. टॉवरची जागा निवडताना पुढं दुसरा टॉवर दिसेल अशी निवडा. आज हे जवळपास फुकट होतं, दहा वर्षांनी महाग पडतं. दुसरा उपाय वाटून घेण्याचा. जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरांवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीची सेवा वापरता येईल अशी सोय सुरू झाली. चक्रीवादळाच्या वेळी कंपन्यांना हेच करायला सांगतात. मग साप चावलेल्या रात्री का नको? त्या घरापुरतं ते वादळच असतं.

शेवटी एक आठवण. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. सास्तूर तेव्हा आपल्याच तालुक्यात होतं, लोहारा तालुका नंतर झाला. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. त्या सकाळी मी रस्त्यावर उभा होतो. बातमी मोटारसायकलवरून आली, जीपमधून आली, पायी चालत आलेल्या माणसांच्या तोंडून आली. कुठल्या गावाला काय झालंय हे कळायला वेळ लागला, आणि त्या वेळाची किंमत ढिगाऱ्याखालची माणसं मोजत होती. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, म्हणून आपल्याला वाटतं ती सकाळ परत येणार नाही. मला तेवढी खात्री नाही. जाळं झाडासारखं असेल आणि खोड पडलं, तर खिशातले फोन असूनही आपण १९९३ च्या त्याच रस्त्यावर उभे असू. इतर वेळी जाळं कसं चालतं याला भरवसा म्हणत नाहीत. भरवसा वाईट दिवशी कळतो, माणसाचाही आणि जाळ्याचाही.

इथं थांबतो.

प्रश्नोत्तरे

एक तरुण श्रोता : सर, मी टॉवरच्या देखभालीचं काम करतो. शेवटच्या गावात ग्राहक कमी. कंपनीनं तोटा का सोसावा?

उत्तर : एकट्या कंपनीनं सोसू नये, बरोबर आहे तुमचं. म्हणूनच सार्वत्रिक सेवेचा निधी आहे, आता त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या पाच टक्के रक्कम त्यासाठी जाते. म्हणजे शहरात रिचार्ज करणारा माणूस तुमच्या शेवटच्या गावाचा दुवा थोडा थोडा भरतोच आहे. प्रश्न इतकाच की त्या पैशातून टॉवर उभा करताना दुसऱ्या वाटेची अट घालायची की नाही. मी म्हणतो, घालावी.

एक शिक्षिका : सर, हे सगळं सरकार आणि इंजिनियर ठरवणार. आम्ही काय करायचं?

उत्तर : ताई, एक वही करा. शाळेत मुलांनाच द्या. टॉवर कधी बंद पडला, कधी सुरू झाला, तारीख आणि वेळ. वर्षभर. मी मघाशी म्हणालो ना, जे लिहिलं जात नाही ते शून्य धरतात. तुमच्या गावाचा आकडा तुमच्याकडं असला की ग्रामसभेत ठराव करता येतो, 'रेंज नसते' याऐवजी 'वर्षात इतके तास नव्हती' असं सांगता येतं. आणि मुलांना टक्केवारी शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही.

एक ज्येष्ठ श्रोते : प्राध्यापकसाहेब, तुमच्या त्या विद्यार्थ्याच्या गावात आता काय स्थिती आहे?

उत्तर : केबल दुसऱ्याच दिवशी जोडली, त्याच चरात. चुलते ठणठणीत आहेत. पण त्यांनी आता एक केलंय. गावाबाहेरच्या माळावर जिथं शेजारच्या टॉवरची थोडी रेंज येते, तो दगड चुन्यानं रंगवून ठेवलाय. रात्री बॅटरीच्या उजेडात सापडावा म्हणून. गावानं आपल्यापुरती दुसरी वाट शोधली, दीड किलोमीटर चालायची. आता पुढचं काम आखणाऱ्यांचं आहे.